सार्पोंगची तोफ

माझ्या सासूबाईंना मरणाची घाई नव्हती, पण मरणाच्या पोस्टरची होती. आमच्या कुमासी शहरात माणूस गेला की त्याचा हा एवढा मोठा फोटो छापून गल्लोगल्ली भिंतींवर लावतात. तो मग कोणी काढत नाही. पावसानं रंग उडून जाईपर्यंत येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत राहतात. सासूबाईंचं, म्हणजे आदोमाआईंचं म्हणणं असं, की ज्या फोटोकडे लोक इतके दिवस बघणार तो आपण डोळे उघडे असताना पास केलेला बरा. मुलांवर सोडलं तर ती मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून लावतील.

यात वावगं काही नाही. पंचाईत एवढीच, की फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी सेलोर्म आग्बेको, धंद्यानं फोटोग्राफर, आणि कुमासीत फोटोग्राफर म्हणजे मुख्यतः अंत्यविधीचा फोटोग्राफर. दर शनिवारी कुठे ना कुठे मंडप असतो, भाड्याच्या खुर्च्या असतात, काळे-लाल कपडे घातलेली चारपाचशे माणसं असतात आणि कानठळ्या बसवणारे कर्णे असतात. यावरच माझं घर चाललंय. गेलेल्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तो हलत नाही. तक्रार जिवंतांबद्दल आहे. कॅमेरा दिसला की ते हलायचे थांबतात. विधवा बाई ऊर बडवून रडत असते, मी माझी आखूड लेन्स घेऊन जवळ जातो, की ती डोळे पुसते, डोक्याचं कापड नीट करते, मान तिरकी करते आणि विचारते, "कानातलं दिसतंय ना?"

आणि या सगळ्या जिवंतांत सासूबाई वस्ताद. ही बाई दिवसभर दारात बसून हसते. तिचं हसणं गल्लीच्या टोकाला गॅरेजमध्ये ऐकू जातं. पण मी समोर कॅमेरा धरला, की तिचा विजेचा खांब होतो. कितीदा फोटो काढला, मोजत नाही. दर वेळी एकच निकाल.

"ह्याच्यात मी आधीच मेल्यासारखी दिसते."

"आई, थोडं हसलात तर..."

"तुझ्या त्या डबड्याकडे बघून काय हसू? तू हस. तुझ्या बायकोनं तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मी हसले होते, ते पुरे झालं."

मी एवे जमातीचा, व्होल्टा नदीपलीकडचा. सासूबाई अस्सल आसांते. जावई नदीपलीकडचा असणं हे त्यांच्या मते मलेरियासारखं आहे, होतो कधीकधी, माणूस मरत नाही. वीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही.

पण यंदा त्यांनी निकालात एक वाक्य वाढवलं. "राहू दे. मी दापाकडून काढून घेते."

क्वाकू दापा हा माझा प्रतिस्पर्धी. त्याच्याकडे उडता कॅमेरा आहे. तो मंडपावर घोंगावत येतो तेव्हा बायकांची डोक्यावरची कापडं उडतात आणि पाद्री प्रार्थनेचं पान हरवून बसतो, पण लोकांना ते आवडतं. पोस्टरवर तो मेलेल्या माणसाला दोन छटा उजळ करून देतो. आता माझ्या सासूचं पोस्टर लागलं आणि खाली कोपऱ्यात दापाचं नाव असलं, तर मला दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावावं लागेल. ज्याच्या घरच्यांनीच त्याला बाजूला सारलं, त्याला बाहेरचा कोण बोलावणार? हे मला कळत होतं आणि सासूबाईंनाही कळत होतं, म्हणून तर त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

उपाय एकच होता, लांबून फोटो काढायचा. गल्लीच्या पलीकडून, त्यांना कळणारही नाही असा. त्यासाठी लांब पल्ल्याची झूम लेन्स हवी, आणि तशी नवी लेन्स घ्यायची तर आधी घर विकावं लागतं. म्हणजे जुनी. जुनी म्हणजे, कुमासीतला कुठलाही फोटोग्राफर झोपेतून उठवलात तरी सांगेल, सार्पोंगची तोफ.

म्हातारे सार्पोंग आमच्या धंद्यातले सगळ्यांत जुने. त्यांची लेन्स पांढरी, दंडाएवढी जाड, पुढच्या कडेला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. फुटबॉलच्या मैदानावर ते या टोकाला बसून त्या टोकाच्या गोलकीपरच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचे. पावसाळ्यात म्हातारे गेले. इथल्या पद्धतीप्रमाणे शवागारात वाट बघत होते, कारण नातेवाईक परदेशातून यायचे होते आणि चांगल्या मैदानाची तारीख मिळत नव्हती. स्टुडिओ बंद होता. मग एक दिवस मी ट्रोट्रोतून, म्हणजे भाड्याच्या गाडीतून, जाताना बघितलं तर दार उघडं. गाडी थांबायच्या आधी मी उतरलो.

आत त्यांचा मुलगा ब्राइट बसला होता. विशीतला, बापासारखाच लांबोडका. मी रीतसर दुःख व्यक्त केलं, पाणी प्यायलो, घरच्या सगळ्यांची चौकशी केली, आणि मग कपाटाकडे बघितलं.

"तोफ विकायची आहे का रे?"

"तुम्ही घेणार असाल तर आहे, काका."

एवढं सरळ उत्तर ऐकून मी जरा बिचकलो. जुनी लेन्स विकणारा माणूस आधी अर्धा तास ती विकायची नाही असं सांगतो. मी ती हातात घेतली आणि खिडकीशी गेलो. मोबाइलची बॅटरी लावून आतून बघितलं. मागच्या काचेच्या कडेला बुरशीचा एक छोटा कोळी बसला होता. धूळ होती. झूमची कडी मध्येच अडखळायची, आणि लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप बाहेर सरकायची.

"ही तर लोंबतेय," मी म्हणालो. घेणाऱ्यानं दोष काढायचे असतात.

"बाबा म्हणायचे, वय झालं की सगळ्यांचंच होतं."

मी माझ्या कॅमेऱ्याला ती चढवली आणि रस्त्यापलीकडे रोखली. चौकात कचऱ्याच्या ढिगावर एक बकरी उभी होती. मी झूम केलं. बकरीच्या पापण्या दिसत होत्या. एकेक केस. बकरी काहीतरी विचार करत होती, आणि तिला माझा पत्ताही नव्हता. मला त्या बकरीच्या जागी सासूबाई दिसल्या. मला लेन्स हवी होती. इतकी हवी होती, की माझं डोकं बंद पडलं.

ब्राइटनं किंमत सांगितली, मी अर्धी सांगितली, तो म्हणाला, "काका, त्याच्याखाली जमणार नाही, माझं एक काम अडलंय." काय काम ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मोबाइल घ्यायचा असेल, नाहीतर मोटरसायकल. पोरांची काय कामं असतात. शेवटी मी त्याच्याच किमतीला आलो. यावरूनच ओळखा माझं काय झालं होतं ते.

पैसे माझ्या बायकोचे. अब्राफी बाजारात गोठवलेले मासे विकते आणि दुसऱ्या फ्रीझरसाठी तिनं साठवले होते. तिनं दिले, नाही असं नाही. देताना एवढंच म्हणाली, "ती लेन्स चालली नाही तर तुलाच गोठवून विकीन. एवे म्हणून स्वस्तात जाशील."

महिन्याभरात सार्पोंगच्या अंत्यविधीची तारीख ठरली आणि फोटोंचं काम कोणाकडे आलं असेल? माझ्याकडे. कारण दापा हा सार्पोंगचा सख्खा भाचा. घरचाच माणूस शोकाला बसलेला, तो लाल कापड अंगावर घेऊन फोटो काढत फिरणार कसा? त्याला झक मारत मला बोलवावं लागलं. मला या गोष्टीचा इतका आनंद झाला की ती लेन्स कोणाची, मेलेला कोण, आणि शोकाला बसलेला कोण, या तीन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्याच नाहीत.

शनिवारी सकाळी शवपेटी आली आणि मैदानातला गलका एकदम थांबला. आसांत्यांच्यात बापाची पेटी मुलांनी द्यायची असते, ते त्यांचं शेवटचं देणं. बहुतेक मुलं पितळी कड्यांची चकचकीत पेटी आणतात. ब्राइटनं थेट आक्राहून, गा जमातीच्या सुतारांकडून, कॅमेरा करून आणला होता. लाकडाचा, काळा, माणूस मावेल एवढा कॅमेरा. वर बटण, बाजूला पट्टा, आणि पुढे लांबलचक पांढरी लेन्स, कडेला लाल पट्टी रंगवलेली. म्हातारे उंच होते, त्यामुळे त्यांचे पाय लेन्समध्ये गेले.

जुनी मंडळी नाराज झाली. "हे काय गा लोकांचं खूळ," असं कोणीतरी पुटपुटलं. पण विधवा ती पेटी बघून हसली आणि लगेच रडायला लागली, आणि मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आइस्क्रीमवाल्याच्या गाडीमागून, तिचे दोन्ही फोटो टिपले. तिला कळलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोत कोणी खरं रडत होतं. मी वेडाच झालो. नाक शिंकरणारे काका टिपले, पेटीच्या लेन्सला हात लावून बघणारी बाई टिपली, जांभई देणारा पाद्री टिपला.

मग दापा चौकटीत आला. काळं-लाल कापड खांद्यावर घेऊन, कपाळाला आठ्या घालून. चेहरा चांगला होता म्हणून मी धरून ठेवला. तो मोठा होत गेला. मला वाटलं झूमची कडी घसरतेय, जुनी लेन्स आहे. मी कडी मागे फिरवली. चेहरा तरी मोठाच होत होता. शेवटी चौकटीत नुसतं नाक उरलं आणि कानाशी आवाज आला.

"ही माझ्या मामाची लेन्स आहे."

मी कॅमेरा खाली केला. नळी आपोआप बाहेर सरकली.

"होती," मी म्हणालो. "मी विकत घेतलीय."

"कोणाकडून?"

"मुलाकडून. ब्राइटकडून."

आसपासच्या खुर्च्यांवरची माणसं वळली आणि हसायला लागली. अंत्यविधीला आलेली माणसं, पोट धरून. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मुलाकडून म्हणे! कुठला ग हा?" शेजारीण म्हणाली, "नदीपलीकडचा." मग सगळा उलगडा झाल्यासारखी दोघींनी मान हलवली.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात बापाचं ते मुलाचं. इथे मुलगा आईच्या कुळाचा, बापाच्या कुळाचा नाहीच. मामाचं सगळं भाच्याला जातं. घर, शेत, खुर्ची, कॅमेरा. हे मला माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? माझी स्वतःची पोरं माझ्या सासूच्या कुळाची आहेत. वीस वर्षं मी यांच्यात राहिलो, यांचं फुफू खाल्लं, यांच्या शेकडो मयतांना उभा राहिलो, आणि लेन्स बघताक्षणी माझ्या आतला एवे उठून बसला आणि म्हणाला, बापाची आहे, पोरगा विकतोय, घे.

"मास्टर," दापा अगदी गोड आवाजात म्हणाला, "आज मामाचा दिवस आहे, आज तमाशा नको. उद्या चर्च झालं की आमच्या कुळाच्या अंगणात ये. लेन्स घेऊन ये. आणि येताना स्नॅप्स दारूची बाटली आण, आमचे ओपानिन, कुळाचे थोरले, रिकाम्या हाताचं ऐकून घेत नाहीत."

घरी अब्राफीनं सगळं शांतपणे ऐकलं. हे वाईट लक्षण होतं.

"लेन्स त्याला गेली, तर पैसे ब्राइट परत देईल?"

"त्याच्याकडे नसणार. असते तर विकली असती कशाला?"

"म्हणजे लेन्स नाही, पैसे नाहीत, फ्रीझर नाही. फक्त नवरा आहे."

सासूबाई दारात बसून भेंडी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि माझा फोटोही नाही."

"तुम्ही काढून घ्या आई, दापाकडून," मी चिडून म्हणालो. मला खरंच राग आला होता, माझाच. "तो गोरीपान करून देईल तुम्हाला. लोक विचारतील, ही युरोपियन बाई कोण वारली."

एरवी या बोलण्यावर भेंडी माझ्या अंगावर आली असती. आज त्यांनी नुसती सुरी पुसली. मग म्हणाल्या, "उद्या मी येते."

"कशाला?"

"माझ्या मुलीचे पैसे आहेत ते. तू तिथे तोंड उघडलंस तर अंगावरचा शर्टही देऊन येशील."

रविवारी आम्ही तिघं गेलो. सार्पोंगच्या कुळाचं घर जुन्या पद्धतीचं, चारी बाजूंनी खोल्या, मध्ये लांब अंगण आणि पार टोकाला रस्त्याकडचं फाटक. कुळाचे थोरले ओपानिन बादू मधल्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना म्हातारे, समोर दापा, आणि एका कोपऱ्यात, कुळाबाहेरचा म्हणून वेगळ्या बाकावर, ब्राइट. बापाच्या घरात पाहुण्यासारखा बसला होता. मी बाटली दिली. ओपानिननी ती उजेडात धरून पाहिली, मी लेन्स बघतो तशी.

दापानं आपलं म्हणणं मांडलं. नेमकं बोलला, मानलं पाहिजे. मामाचं ते भाच्याचं, ब्राइटला विकायचा हक्क नव्हता, ज्यानं घेतली त्याची चूक, लेन्स परत द्यावी. मग मी बोललो. मी काय बोललो ते जाऊ दे. सुरुवात नम्र होती. पुढे पुढे "सरकारी कायद्यात मुलाचाही वाटा आहे" आणि "मी पोलिसांत जाईन" असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं. ओपानिन बादूंच्या अंगणात सरकारी कायद्याला फाटकाबाहेर चपला काढून थांबावं लागतं, हे विसरलो. अब्राफीनं माझा शर्ट मागून ओढला.

"ऐकलं," ओपानिन म्हणाले. "लेन्स भाच्याची आहे. पोरानं या माणसाचे पैसे परत करावेत. ब्राइट, पैसे कुठे आहेत?"

"तफोच्या दफनभूमीत," ब्राइट खाली बघत म्हणाला.

"उर्मटपणा नको."

"खरंच तिथे आहेत, आजोबा."

दापा उसासून म्हणाला, "बघा. हे असं आहे."

ओपानिननी हात वर केला. "उठायच्या आधी मला एक बघायचंय. एवढं भांडण लावणारी ही नळी करते तरी काय?" खुर्चीत ते जरा ताठ बसले आणि कापडाच्या घड्या सारख्या करायला लागले. माणसाला फोटो काढून घ्यायचा असला की मला लगेच कळतं. "तिकडे फाटकाशी जाऊन उभा राहा आणि तिथून माझा फोटो काढ. लांबूनही जवळचा येतो म्हणतात, बघू."

मी कॅमेरा उचलला आणि फाटकाशी गेलो. मागे रस्ता होता. एक ट्रोट्रो थांबली होती, तिचा पोऱ्या गिऱ्हाइकांना हाका मारत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, की लेन्स आणि मी दोघंही आत्ता त्या गाडीत चढू शकतो. पण बायको अंगणात होती, आणि ती धावते माझ्यापेक्षा जोरात.

मी लेन्स रोखली. ओपानिन बादू चौकटीत आले, भिंतीवरच्या पोस्टरासारखे गंभीर. एक फोटो काढला. दुसरा काढणार, इतक्यात त्यांचे डोळे बाजूला वळले. मीही लेन्स बाजूला वळवली.

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

इतक्या लांबून एक शब्द ऐकू येत नव्हता, त्यात पाठीमागून ट्रोट्रोवाल्याचं ओरडणं. पण दिसत सगळं होतं, बकरीच्या पापण्यांसारखं. त्यांनी अंगावरचं कापड कमरेला खोचलं. ब्राइटकडे बोट केलं. मग दापाकडे. मग बोट जमिनीकडे गेलं, आणि त्या दोन्ही हातांनी फावडं मारल्यासारखं करू लागल्या. एक, दोन, चांगलं खोल. मग झाकण उघडल्यासारखं केलं. मग कोणाला तरी काखेत धरून बाहेर काढलं आणि नेऊन भिंतीला टेकवून उभं केलं. ते कोण ते मला कळेना. ते घसरलं वाटतं, कारण त्यांनी परत नीट टेकवलं. मी लेन्स म्हाताऱ्यांवर फिरवली. एकानं तोंडावर हात धरला होता. दापाचं तोंड उघडं होतं. ब्राइट रडत होता आणि हसत होता. ओपानिन बादूंचं पोट हलायला लागलं होतं.

मी परत सासूबाईंवर आलो. डोक्याचं कापड घसरून कानावर आलं होतं, पांढरे केस सुटले होते. बोट हवेत. तोंड सताड उघडं, पुढचा पडलेला दात दिसत होता. आणि त्या हसत होत्या, भांडता भांडता, गल्लीच्या टोकाला ऐकू जातं तसं. मी बटण दाबलं. झूमची कडी अडखळायची ती अडखळली नाही. मी दाबतच राहिलो. नंतर चौकट धूसर झाली, तेव्हा कळलं की लेन्सला काही झालेलं नाही, पाणी माझ्या डोळ्यांत आहे.

परत आलो तेव्हा सगळे अजून डोळे पुसत होते. काय झालं ते अब्राफीनं मला मागाहून शब्दाशब्दानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या:

"लेन्स भाच्याची, हे बरोबर. म्हणजे लेन्सचे पैसेही भाच्याचे. त्या पैशांची पोरानं पेटी आणली. सुताराला विचारा, मी काल संध्याकाळीच फोन करून विचारलंय. म्हणजे पेटीही भाच्याची झाली. म्हणजे सार्पोंगला त्याच्या मुलानं पेटी दिलीच नाही. मुलाच्या पेटीशिवाय बाप पुरायची पद्धत तुमच्या कुळात कधीपासून पडली? पडली असेल तर गावात सांगा, नसेल तर फावडी आणा. चला, उकरू. तो लाकडी कॅमेरा दापाला द्या, त्याच्या धंद्याचाच आहे, उडवून बघेल. आणि पोरगा दुसरी पेटी आणेपर्यंत सार्पोंगला इथे भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी ओपानिनना सोबत होईल."

ओपानिन बादूंनी निकाल द्यायला बराच वेळ घेतला, कारण हसू आवरल्याशिवाय निकाल देता येत नाही. मग म्हणाले, "ती लेन्स पेटी झाली आणि मातीत गेली. मातीत गेलेल्यावर भाचा हक्क सांगत नाही. या माणसाच्या हातात आहे ती दुसरी, त्यानं विकत घेतलेली." बाटली उघडली, थोडी जमिनीवर सार्पोंगसाठी ओतली, आणि ब्राइटला बाकावरून उठवून म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. दापानं माझ्याशी हात मिळवला, शेवटी इथल्या रीतीप्रमाणे बोटाची चुटकीही वाजवली, आणि हळूच विचारलं, "शनिवारी भाड्यानं देशील?" मी म्हणालो, "तुझ्या मामाला विचारून सांगतो."

निघताना ओपानिननी मला बाजूला घेतलं. "माझा फोटो कसा आलाय?" म्हणाले, "पोस्टरला चालेल का?"

संध्याकाळी सासूबाई दारात बसल्या होत्या. मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. मला भीती वाटत होती. घसरलेलं कापड, सुटलेले केस, पडलेला दात. असा फोटो दाखवला तर दुसरी कुठलीही सासू जावयाला घराबाहेर काढेल. पण मला तोच दाखवायचा होता, आणि तो पास झाला नाही तर आता माझ्याकडे पुढचा उपाय नव्हता. मी पडदा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी कॅमेरा हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला. आतून अब्राफी येऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"ही बाई मेलीय," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "यावर कोण विश्वास ठेवणार?"

"कोणी नाही ठेवणार."

"हाच लाव. आणि खाली कोपऱ्यात तुझं नाव घाल. मोठं घाल, सेलोर्म. नाहीतर दापा म्हणेल मी काढला."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि उच्चार बरोबर होता.

"छापायची घाई करू नकोस पण."

"नाही करणार, आई."

त्या अजून फोटोकडेच बघत होत्या. "तिकडून तुला ऐकू येत होतं का रे मी काय बोलत होते ते?"

"नाही. नुसतं दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"तुम्ही माझ्यासाठी भांडताय, ते दिसत होतं."

"फ्रीझरसाठी," सासूबाई म्हणाल्या, आणि कॅमेरा काही परत देईनात.